मुंबई ते न्यूयॉर्क : आकडेमोड करणाऱ्या एका संकेतस्थळाचा अनुभव

न्यू जर्सीला लेकीकडे जाण्यापूर्वी विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारे एक संकेतस्थळ मी वापरून पाहिले. मुंबई ते न्यूयॉर्कचे जॉन एफ. केनेडी विमानतळ हे सुमारे १२,५०० किलोमीटरचे अंतर त्याने अचूक दाखवले. पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी ती सर्वांत जवळची रेषा नकाशावर उत्तरेकडे वाकलेली दिसते, हे पाहून आमच्या सौभाग्यवतींना मात्र वैमानिक वाट चुकल्यासारखेच वाटले.

वेळेच्या बाबतीत ही सेवा तोकडी पडते. अंतराला एका ठरावीक वेगाने भागून ती जाण्यायेण्यासाठी एकच आकडा, पावणेपंधरा तास, देते. प्रत्यक्षात पश्चिमेकडे जाताना समोरून येणाऱ्या वेगवान वाऱ्यांमुळे सोळा तासांच्या आसपास लागतात आणि परतताना तेच वारे पाठीशी असल्याने वेळ वाचतो. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पाकिस्तानचे आकाश बंद झाल्यावर घ्याव्या लागलेल्या वळशाची तेथे दखलच नव्हती. घड्याळातला फरक उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतो, तो मात्र तारखेनुसार बरोबर मिळाला. अंतरासाठी ही सेवा उत्तम. विमानतळावर न्यायला येणाऱ्यांना वेळ कळवायची असेल, तर तिकिटावरचीच पाहावी.