पीडीएफमधली एफडी

ज्यांची इमारत सहकारी सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे, त्यांनी हे जरा सावकाश वाचावं. आमचं अपार्टमेंट पुण्यात आहे आणि आमचे 46 लाख रुपये गेले. बँक बुडाली नाही. कुणी खातं हॅक केलं नाही, कुठल्या लिंकवर कुणी बोट ठेवलं नाही. आमच्याच खात्यातून, आमच्याच लोकांनी सह्या करून दिलेल्या अधिकारावर पैसे बाहेर जात राहिले, आणि दर महिन्याला स्टेटमेंट येत राहिलं, ज्यात ते सगळे जागच्या जागी होते.

आधी अपार्टमेंट म्हणजे काय ते सांगते, कारण फ्लॅट घेताना हे कुणी समजावत नाही. सोसायटी 1960 च्या सहकार कायद्याखाली येते. अपार्टमेंट, म्हणजे कॉन्डोमिनियम, 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली. बिल्डर दुय्यम निबंधकाकडे घोषणापत्र नोंदवतो, त्यात प्रत्येक फ्लॅटचा सामायिक जागेतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो, आणि कारभार मालकांची असोसिएशन बघते. सोसायटीला सहकार खात्याच्या यादीवरच्या लेखापरीक्षकाकडून दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. तो नुसता शिक्का मारून जातो अशी तक्रार असते, पण निदान कुणीतरी येतो. अपार्टमेंटला त्या यादीचं बंधन नाही. आपल्या उपविधीत जे लिहिलं असेल ते, आणि ते पाळायला लावणारे आपणच.

बिल्डरकडून कॉर्पस, म्हणजे इमारतीच्या मोठ्या खर्चांसाठी साठवलेला निधी, हातात आला तेव्हा कोणती बँक यावर आमच्याकडे तीन सभा झाल्या. पुण्यातल्या ज्येष्ठांच्या मनात रुपी बँक अजून ताजी आहे. 2013 मध्ये निर्बंध आले, 2022 मध्ये परवाना गेला. त्यात 2019 मध्ये निर्बंध आलेली पीएमसी बँक. त्यामुळे अर्धा टक्का जास्त व्याज देणाऱ्या सहकारी बँकेचं नाव कुणी काढलं की सभेत एकच गलका. ती भीती खोटी नव्हती. ठेव विम्याचं संरक्षण 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत आहे, आणि असोसिएशन हा एकच ठेवीदार धरला जातो. शंभर घरांचे पैसे म्हणून शंभर वेळा 5 लाख मिळत नाहीत. तेव्हा मोठी खासगी बँक ठरली. टाळ्या वाजल्या. बँक कोणती यावर जितकं डोकं चाललं, त्याच्या पावपटही ते खातं कोण चालवणार यावर चाललं नाही.

खातं चालवायला घेतलं मॅनेजरने. तो मालक नव्हता, इमारतीची देखभाल बघायला आम्ही नेमलेल्या फॅसिलिटी एजन्सीचा माणूस होता. चाळिशीतला, नम्र, रात्री दीडला लिफ्ट अडकली तरी हजर. कामात खरोखरच चांगला होता, आणि हे मी आजही म्हणते, कारण असा माणूस बेरकी दिसेल अशी वाट बघत बसलात तर फसाल. बँकेने कॉर्पोरेट नेट बँकिंग सुचवलं. त्यात एक जण व्यवहार भरतो, दुसरा मंजूर करतो. दोन वेगळी माणसं असली तर व्यवस्था उत्तम आहे. फॉर्म मॅनेजरने भरला. भरणारा तो स्वतः. मंजूर करणारे म्हणून नाव चेअरमनकाकांचं, सही त्यांचीच, पण त्या रकान्यातला मोबाइल नंबर एजन्सीच्या दुसऱ्या सिमचा. खात्याला जोडलेला ईमेलही एजन्सीचाच. चेअरमनकाका शहात्तर वर्षांचे. “काका, तुम्ही कशाला या उन्हात बँकेत येताय, मी फुल्या मारून आणलेत” म्हटल्यावर त्यांनी फुल्यांवर सह्या केल्या. भरणं आणि मंजुरी एकाच खिशात गेली, आणि बँकेचे एसएमएसही त्याच खिशात वाजायला लागले.

इथे आमच्या भांडणाचं सांगायला हवं, कारण त्या धुरळ्यातच हे सगळं झालं. अपार्टमेंटमध्ये खर्च टक्केवारीने वाटायचा असतो, कायद्याच्या कलम 10 मध्ये तसं स्पष्ट आहे. म्हणजे तीन बेडरूमवाल्याने दोनवाल्यापेक्षा जास्त मेंटेनन्स द्यायचा. तीनवाले म्हणत, लिफ्ट काय आम्ही जास्त वापरतो? दोनवाले म्हणत, कायदा वाचा. पुण्यातल्याच एका प्रकरणात 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टक्केवारीच्या बाजूने कौल दिला, पण आमच्याकडे त्याच्या बऱ्याच आधी वॉट्सॲपचे दोन ग्रुप झाले होते. सर्वसाधारण सभा मेंटेनन्सच्या विषयावर सुरू होई आणि त्यावरच मोडे. जमाखर्चाला मंजुरी हा विषय अजेंड्यावर दुसरा असायचा. त्याच्यापर्यंत आम्ही पोचायचोच नाही. पोचलो तरी तोवर निम्मे लोक रागावून घरी गेलेले असत.

मॅनेजरने काय केलं, ते आता कागदांवरून कळलंय. कॉर्पसच्या एफडी त्याने एकेक करून मुदतीआधी ऑनलाइन मोडल्या. पैसे चालू खात्यात आले आणि तिथून तुकड्यातुकड्याने बाहेर गेले: टँकर, एसटीपीची म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची दुरुस्ती, जनरेटरचं काम. मार्च ते जून आमच्या भागात टँकरशिवाय पाणी नाही. दिवसाला किती टँकर आले हे गेटवरचा वॉचमन वहीत लिहितो, आणि ती वही कुणीही मालक बघत नाही. सहा आले तिथे नऊ लावले तर नळाला पाणी येतंय यातच सगळे खूश. लहान चोरी टँकरच्या बिलात होती, मोठी एफडीत. नोंदीत नाव टँकरवाल्याचं, पण खाते क्रमांक भलत्याचाच. एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळतं का हे बघितलं जात नव्हतं. नाव दाखवायची सोय बँकांनी द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा आदेश 1 एप्रिल 2025 पासून आहे. ती सोय वापरा.

आणि स्टेटमेंट? बँकेची खरी पीडीएफ घ्यायची, आकडे बदलायचे, एफडीची ओळ तशीच ठेवायची, आणि खजिनदारांना ईमेल करायची. जुने खजिनदार ती छापून फाइलला लावत. फाइल अतिशय व्यवस्थित होती.

मी नवीन मंडळात खजिनदार झाले तेव्हा आमच्या सीएच्या ऑफिसातली मुलं जुनेच आकडे घेऊन विवरणपत्र भरत होती. आम्ही सीए बदलला, तोही फी जास्त वाटली म्हणून. नव्या सीए बाईंनी पहिल्याच दिवशी असोसिएशनच्या पॅनवर फॉर्म 26एएस, म्हणजे कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा, काढला. एफडीच्या व्याजावर बँक 10 टक्के टीडीएस कापते आणि तो 26एएसमध्ये दिसतो. आमच्या हिशेबात वर्षभराचं व्याज जमा होतं. 26एएसमध्ये पहिल्या तिमाहीनंतर टीडीएस एकदम रोडावला होता आणि त्यापुढच्या वर्षी तर जवळपास नव्हताच. “तुमची एफडी आहे ना नक्की?” त्यांनी विचारलं. मला आधी वाटलं, बँकेची काहीतरी चूक असेल.

मग मी स्टेटमेंटं घेऊन बसले. एका चौथ्या शनिवारी आमचा चेक वटल्याची नोंद होती. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, त्या दिवशी चेक वटत नाही. दोन ठिकाणी आधीच्या शिलकेतून रक्कम वजा केली तर पुढची शिलक येत नव्हती. ज्याने हे बनवलं त्याला आकडे बदलायला जमलं, बेरीज करायचा कंटाळा आला असावा.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आणि मी शाखेत गेलो, मॅनेजरला न सांगता. लेटरहेडवर एका ओळीचा अर्ज: आमच्या पॅनवर आज कोणती खाती, कोणत्या ठेवी, किती शिलक, आणि प्रत्येक खात्याला कोणता मोबाइल व ईमेल जोडलेला आहे. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन बघितली आणि ती आत साहेबांना विचारायला गेली. बराच वेळ आली नाही. खात्यात चार लाख काहीतरी होते. ठेव एकही नाही.

बँकेचं म्हणणं सरळ होतं. अर्जावरच्या सह्या खऱ्या आहेत, ठराव तुमचा आहे, पासवर्ड तुम्ही नेमलेल्या माणसाचा आहे, आमच्याकडून कुठलीही त्रुटी नाही. आम्ही विचारलं, मोडल्या एफडीची रक्कम तासाभरात नव्याच खात्यांवर जात होती, तरी बँकेत कुणाला शंका आली नाही? यावर उत्तर नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. आधी बँकेला लेखी तक्रार करून 30 दिवस द्यावे लागतात, म्हणून पहिल्या दिवशीच पोच घेऊन ठेवा. एजन्सीच्या मालकाने सांगितलं की मॅनेजर एजन्सीचा कर्मचारीच नव्हता, कंत्राटावर होता. करारनामा काढून बघितला तर नुकसानभरपाईचं एक वाक्य नाही, पण गणवेशाचा रंग कोणता यावर अख्खा परिच्छेद.

फिर्याद देताना एक अडचण अशी की काही व्यवहार 1 जुलै 2024 च्या आधीचे आणि काही नंतरचे. आधीच्यांना भारतीय दंड संहिता, नंतरच्यांना भारतीय न्याय संहिता. ठाण्यातल्या साहेबांनी तारखांप्रमाणे दोन वेगळे तक्ते करून मागितले. करून दिले. आर्थिक गुन्हे शाखेला प्रमाणित स्टेटमेंट हवं असतं, प्रिंटआउट चालत नाही, आणि ते बँकेकडून मिळवण्यातच आमचे कितीतरी दिवस गेले. आता तपास सुरू आहे. एका खात्यात थोडे पैसे गोठवलेत, बाकी कुठे गेले ते कळायचंय.

तुमच्याकडे असं काही नसेलही. तरी दोन मालकांनी, त्यात एक तरी पदाधिकारी नसलेला, शाखेत स्वतः जावं आणि आम्ही दिला तसा अर्ज देऊन उत्तर बँकेच्या शिक्क्यासह घ्यावं. ॲपवरून नको, ईमेलवरून नको, मॅनेजरमार्फत तर नकोच. मंजुरीचा मोबाइल नंबर त्या पदाधिकाऱ्याच्या खिशातलाच आहे का, हे त्याच्यासमोर एक रुपया पाठवून बघा. मंडळ बदललं की जुन्या सह्या काढल्याचा ठराव बँकेत पोचला का, हे विचारा. आमच्याकडे परदेशी गेलेल्या एका माजी सेक्रेटरींचं नाव अजून खात्यावर होतं. सीएला सांगा की शिलकेची खात्री त्यांनी बँकेकडून परस्पर मागवावी. कॉर्पसच्या एफडीला ऑनलाइन मोडायची परवानगीच ठेवू नका. शाखेत जाऊन दोन सह्या करायला लागू देत, त्रास होऊ दे. आणि वॉचमनची टँकरची वही महिन्यातून एकदा बिलाशेजारी ठेवून बघा. त्याला सीए लागत नाही.

आमचं रंगकाम थांबलंय. पावसाच्या आत गच्चीचं वॉटरप्रूफिंग तरी करायला हवं, त्यासाठी प्रत्येक घराकडून वर्गणी काढायची आहे. ती समान की टक्केवारीने, यावर रविवारी सभा आहे. या वेळी जमाखर्च अजेंड्यावर पहिला टाकलाय.