देवबागच्या शेडमधला फायबर प्लॅटफॉर्म: पाट पक्का, बोल्ट कच्चे

तारकर्ली-देवबागच्या पुष्कळ स्नॉर्केलिंग होड्यांवर पाण्यातल्या माणसाला वर घ्यायची पद्धत अजून तीच आहे. दोघांनी दंड धरायचे आणि ओढायचं. त्याचं पोट काठावर सोलवटतं आणि होडी एका अंगाला कलते. होडीच्या मागच्या फळ्याला (जिथे इंजिन बसतं) उभं राहायला प्लॅटफॉर्म आणि शिडी असली की हा तमाशा संपतो. परदेशी तयार माल महाग पडतो, म्हणून खाडीकाठच्या फायबरच्या शेडमध्ये तो बनवून घेतात. असाच एक प्लॅटफॉर्म हंगामभर २२ फुटी होडीवर वापरला गेला. पावसाळ्यात होडी वर ओढल्यावर तो उतरवून पाहिला.

इंजिन मधोमध, म्हणून प्लॅटफॉर्मचे दोन तुकडे, प्रत्येकी ६० बाय ४५ सेंमी. कारागिराने माप घेताना इंजिन दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि पूर्ण वर उचलून पाहिलं होतं. हे बरेच जण विसरतात, मग इंजिन उचलताना कव्हर प्लॅटफॉर्मच्या कडेला आपटतं. उंचीही बरोबर आहे. माणसं भरलेल्या होडीत पाण्यापासून साधारण १५ सेंमी वर. याहून खाली गेलं तर होडी वेग घेताना प्लॅटफॉर्म पाणी ओढत चालतो.

पाटाचं, म्हणजे ज्यावर उभं राहतात त्या तुकड्यांचं काम खरंच चांगलं. आत १८ मिमी पीव्हीसी फोम, वर आणि खाली चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) तीन थर आणि ६०० ग्रॅमचं रोव्हिंग (काचतंतूंचं विणलेलं कापड) एक थर. दोन्ही तुकड्यांना मिळून सुमारे २ किलो मॅट, १ किलोच्या आत रोव्हिंग, ६ किलो आयसो रेझिन (पाण्यात टिकणारं पॉलिएस्टर रेझिन) आणि वरच्या बाजूला अर्धा किलो जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) लागतो. मॅटला तिच्या वजनाच्या अडीच पट रेझिन धरायचं, रोव्हिंगला जवळपास वजनाइतकंच. नाण्याने ठोकत गेलं तर कुठेही पोकळ आवाज नाही, म्हणजे रोलर नीट फिरवून हवा काढली आहे. फोमऐवजी थर्माकोल घालून पैसे वाचवायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, आत पोकळीच उरते.

हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं रसायन, एका किलोला १० मिली पुरतो, तोही कोबाल्ट (कडक होण्याचा वेग वाढवणारं रसायन) आधीच मिसळलेल्या रेझिनला. एप्रिलच्या उन्हात २० मिली ओतलं की डबा हातातच तापतो आणि धुरावतो. कोबाल्ट वेगळा आणला असेल तर तो आधी रेझिनमध्ये ढवळायचा, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे काम काढूच नये. ओल धरलेली मॅट पांढुरकी दिसते, रेझिन चिकटच राहतं.

पाटाला २५ मिमी रुंदीच्या फटी ठेवल्यात, त्याही शोभेच्या नाहीत. नांगरावर असताना लाट खालून थाड थाड आपटते. फटींतून पाणी वर निघालं नाही तर सगळा धक्का ब्रॅकेटवर, म्हणजे प्लॅटफॉर्म फळ्याला धरणाऱ्या आधारावर येतो.

आता ब्रॅकेट, आणि इथे शेडवाल्याने हात आखडला. १०० किलोचा माणूस ४५ सेंमी बाहेरच्या कडेला उभा राहिला, आणि ब्रॅकेटचे वरचे-खालचे बोल्ट एकमेकांपासून २० सेंमीवर असले, तर वरच्या बोल्टांवर सुमारे २२५ किलोची ओढ येते. खालची बाजू फळ्यावर फक्त दाबली जाते. म्हणजे वरच्या भोकांना आतून ६ मिमी जाडीची, तळहाताएवढी पट्टी हवी. इथे मिळाले साधे वॉशर. जेलकोटला वॉशरभोवती तारेसारख्या बारीक चिरा पडल्या आहेत.

बोल्टांवर तांबूस डाग आहेत. दुकानदार ‘एसएस (स्टेनलेस स्टील) आहे, बघा’ म्हणून चुंबक लावून दाखवतो, पण ३०४ आणि ३१६ हे त्याचे दोन्ही प्रकार चुंबकाला जवळपास सारखेच. फरक आहे तो ३१६ मधल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमचा, आणि खाऱ्या पाण्यात टिकाव लागतो तो त्याच्यामुळे. बोल्टावर ए४ (३१६ च्या बोल्टांची खूण) किंवा ३१६ कोरलेलं नसेल तर घेऊ नका.

सर्वांत वाईट काम भोकांचं. फळ्याच्या आत प्लायवूड असतं. त्यात सरळ भोक पाडून बाथरूमचं सिलिकॉन भरलं आहे, आणि दोन भोकांतून काळपट, ओला भुसा निघाला. फळा कुजायला सुरुवात अशीच होते आणि त्याच फळ्यावर इंजिन टांगलेलं असतं. १० मिमी बोल्टासाठी आधी १६ मिमी भोक पाडायचं, जाड केलेलं इपॉक्सी गच्च भरायचं, ते कडक झालं की मधोमध १० चं भोक. मग पाणी बोल्टाच्या कडेने शिरलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. सील मरीन पॉलियुरेथेनचं. नट पहिल्या दिवशी हलका आवळायचा आणि सील सुकल्यावर पूर्ण, नाहीतर सगळं सील बाहेर येतं.

शिडी तीन पायऱ्यांची, घडीची. शेवटची पायरी पाण्याखाली जेमतेम ३० सेंमी जाते. लाइफ जॅकेट घातलेल्या माणसाचा पाय तिथवर उचलत नाही, निदान ६० हवी. ती इंजिनापासून दूरच्या कडेला आहे हे ठीक, तरी माणूस चढेपर्यंत इंजिन बंद. न्यूट्रल चालणार नाही.

पाचपैकी तीन. पाट याच शेडमधून जरूर करून घ्या, बोल्ट, पट्ट्या आणि सील मात्र आपण आणून द्या आणि भोकं पाडताना समोर उभे राहा. होडी प्रवासी म्हणून नोंदलेली असेल तर पहिलं भोक पाडण्याआधी मेरीटाइम बोर्डाच्या सर्वेक्षकाला विचारून घ्या.