मलप्रभा वाहती करायला इंकस्केपच कामाला आलं

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी भूगोल शिकवते. शाळेच्या वेबसाईटवर मलप्रभेचा प्रवास हलत्या चित्रात दाखवायचा होता: कणकुंबीला उगम, पुढे सौंदत्तीजवळ नविलतीर्थाचं धरण आणि शेवटी कूडलसंगमला कृष्णेत. पोरं हे पान घरी आईच्या नाहीतर बाबांच्या फोनवर उघडतात, आणि पावसाळ्यात कणकुंबीकडे रेंज एका काडीवर येते. त्यामुळे फाईल हलकी हवी, हे पहिल्यापासून ठरलेलं.

आधी जिफ करून पाहिली. ती चार एमबीची झाली. वर जिफमध्ये 256 च रंग बसतात, त्यामुळे घाटाचा हिरवा पट्ट्यापट्ट्यांचा दिसायला लागला. ती सोडली.

मग लॉटी. एअरबीएनबीने 2017 मध्ये सगळ्यांसाठी खुली केलेली ही हलत्या चित्रांची पद्धत देखणी आहे. पण नेहमीच्या वाटेने जायचं तर आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरची वर्गणी भरावी लागते, आणि पानावर चित्र चालवणारा वेगळा प्लेअर चढवावा लागतो. तो पुरा प्लेअर मूळ आकारात तीनशे केबीच्या आसपास जातो. वीस-पंचवीस चित्रांच्या साईटला हे ओझं परवडेल, एका नदीसाठी मला पटलं नाही. सिनफिग हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे. माणूस चालवायचा, हातपाय हलवायचे असतील तर तेच घ्यावं.

मी थांबले इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरवर. तेही फुकट. त्यात टाइमलाइन नाही, हालचाल सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, हाताने लिहावी लागते, पण माझ्या कामाला बाराएक ओळी पुरल्या. नदीची एकच रेघ काढायची, तिला तिच्याच लांबीचा डॅश (तुटक रेघेतला तुकडा) द्यायचा आणि ऑफसेट, म्हणजे तो डॅश जितका सरकवलाय ते अंतर, हळूहळू शून्यावर आणायचा. रेघ उमटत जाते, पाणी पुढे सरकल्यासारखं दिसतं. सगळी फाईल 38 केबी.

वर्गात पहिल्यांदा लावली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पाणी उलटं चाललंय की!" खरंच, नदी कूडलसंगमहून कणकुंबीला चढत होती. मी रेघ संगमाकडून काढायला घेतली होती, आणि डॅश रेघेच्या पहिल्या बिंदूपासून सुरू होतो. पाथ मेनूतल्या रिव्हर्सने एका क्लिकमध्ये नदी सरळ झाली.

गावांची नावं मात्र पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेघांच्या आकारात, बदलू नका. तसं केलं की जोडाक्षरं फुटायची भीती राहत नाही हे खरं, पण फाईल फुगते आणि नावं नुसती चित्रं होऊन बसतात. मी इंकस्केपमधली ही फाईल (एसव्हीजी) थेट पानातच ठेवली आणि नावं मजकूर म्हणूनच राहू दिली, नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये. शेजारच्या कन्नड शाळेतल्या मॅडमनी तीच फाईल नेली, नोटपॅडमध्ये उघडली आणि नावं कन्नडमध्ये टाकली. दहा मिनिटांत त्यांचीही मलप्रभा तयार. जिफ असती तर सगळं पुन्हा काढावं लागलं असतं. ह्या एका कारणासाठी मी सीमाभागातल्या प्रत्येक शिक्षकाला हेच सुचवीन.

आता घटप्रभा घेतली आहे. गोकाकचा धबधबा नुसत्या रेघेने पडल्यासारखा वाटत नाही, तुषार दिसायला हवेत. तेवढ्यापुरतं सिनफिग पुन्हा उघडलंय.