फॉर्म भरायच्या दुकानात फायरफॉक्स : दिवाळीपासून वापरतोय, काय चालतं काय अडतं

सांगलीत विश्रामबागला आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, शिष्यवृत्ती, पीकविमा, परीक्षेचे फॉर्म, जे येईल ते. दिवाळीत दोन्ही कॉम्प्युटरवर फायरफॉक्स हा ब्राउझर टाकला आणि तेव्हापासून रोजचं काम त्याच्यावरच चाललंय. क्रोम काढून टाकलेला नाही, का ते पुढं येईलच.

बदलायचं कारण म्हणजे मागचा कॉम्प्युटर. विंडोज ७ वाला, त्याला जुना प्रिंटर जोडलाय आणि त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजला मिळत नाही, प्रिंटर मात्र एकदम ठणठणीत. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ च्या जानेवारीत आली, नंतर पोर्टलं 'ब्राउझर अपडेट करा' म्हणत अडवायला लागली. फायरफॉक्सनं विंडोज ७ साठी ११५ ईएसआर ही जास्त मुदतीची आवृत्ती ठेवली आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत सिक्युरिटी अपडेट देत राहिले.

पण इथं एक मेख आहे. ईएसआरला सिक्युरिटीचे अपडेट येतात, नवीन सोयी येत नाहीत. ॲडमिशनच्या एका साइटवर 'अटी मान्य आहेत' ला टिक केली की खाली 'पुढे जा' बटण दिसायला पाहिजे, मागच्या कॉम्प्युटरवर ते दिसेचना, पोरगी आणि तिची आई दोघी माझ्या तोंडाकडं बघतायत. पुढच्या कॉम्प्युटरवर, जिथं नवा फायरफॉक्स आहे, तिथं तोच फॉर्म झटक्यात पुढं गेला. एफ-१२ दाबून पानाचा कोड बघितला तर बटण दाखवायचं काम त्यांनी सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणारी भाषा) 'हॅज' सिलेक्टरवर, म्हणजे 'आत अमुक गोष्ट असेल तरच' अशा नियमावर टाकलेलं. हा सिलेक्टर ॲपलच्या सफारीत मार्च २०२२ ला आला, क्रोममध्ये त्याच वर्षी ऑगस्टला, आणि फायरफॉक्समध्ये थेट डिसेंबर २०२३ ला, १२१ व्या आवृत्तीत. म्हणजे ११५ ला तो कळणारच नाही. हा उशीर मात्र फायरफॉक्सचाच, त्यात साइटवाल्याला काय बोलणार. पण एवढं महत्त्वाचं बटण असल्या नव्या गोष्टीच्या भरवशावर ठेवायचं का, हे त्यानंही बघायला पाहिजे होतं राव.

दुसरी अडचण नव्या आवृत्तीतही आहे. 'महिना निवडा' असा रकाना असतो बघा, क्रोममध्ये तिथं छोटं कॅलेंडर उघडतं, कॉम्प्युटरवरच्या फायरफॉक्समध्ये नुसता रिकामा डबा येतो. मॅकवरच्या सफारीतही तेच. पूर्ण तारखेचा रकाना व्यवस्थित चालतो, तो फायरफॉक्समध्ये २०१७ पासून आहे, हा फक्त महिन्याचाच राहिलाय. एचटीएमएलच्या (वेबपान लिहायची भाषा) नियमाप्रमाणं ब्राउझरला माहीत नसलेला रकाना साधा मजकुराचा धरायचा असतो, म्हणून तो मोडत नाही पण काय लिहायचं तेही सांगत नाही, लोक 'जून' असं लिहितात आणि सबमिट केलं की लाल अक्षरं. तिथं इंग्रजी आकड्यांत आधी वर्ष, मग आडवी रेघ, मग दोन आकडी महिना असं टाकायचं, बहुतेक ठिकाणी घेतं. आमच्याकडं मॉनिटरला चिठ्ठीच लावलीय.

डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, डोंगल लावायचं काम असेल तर नव्या आवृत्तीवरच करा. फायरफॉक्स सर्टिफिकेटांचा (समोरचा खरा आहे हे पटवणारे डिजिटल दाखले) साठा स्वतःचा वेगळा ठेवतो, विंडोजमध्ये आपण टाकलेली सर्टिफिकेटं १२० व्या आवृत्तीपासून आपोआप धरायला लागला. ११५ वर ते सेटिंग हातानं चालू करावं लागतं आणि तरी कधी कधी सही करायचं सॉफ्टवेअर रुसून बसतं, मग मी वाद घालत नाही, क्रोम उघडतो.

सगळ्यात डोकं फिरवतात त्या 'ही साइट फक्त क्रोममध्ये चालेल' म्हणणाऱ्या साइट. बऱ्याच ठिकाणी आत क्रोमचं असं काहीच नसतं, नुसतं ब्राउझरचं नाव वाचून दारातनंच परत पाठवतात. एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं ॲप) टाकून नाव बदललं आणि तीच साइट पैसे भरून पावती निघेपर्यंत सुरळीत चालली. गंमत म्हणजे क्रोम स्वतः जी ओळख पाठवतो तिची सुरुवातही 'मोझिला/५.०' अशीच असते (मोझिला म्हणजे फायरफॉक्सवाले), नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळापासूनचं सोंग आहे ते. पूर्वी 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल' अशा पाट्या असायच्या, त्या एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टनंच जून २०२२ मध्ये निरोप दिला. ऑपेरानं स्वतःचं इंजिन (पान स्क्रीनवर उभं करणारा ब्राउझरचा आतला भाग) २०१३ मध्ये सोडलं, मायक्रोसॉफ्टचा एज २०२० पासून क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच गाभ्यावर. आता मोठी इंजिनं उरली तीन, क्रोमचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. साइट एकाच इंजिनवर तपासायची आणि बाकीच्यांना बाहेर उभं करायचं, हा आळस आहे दुसरं काही नाही.

मराठीसाठी मात्र मला फायरफॉक्स जास्त आवडला. सेटिंगमध्ये फॉन्टच्या ॲडव्हान्स्डमध्ये देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार ठेवता येतो, म्हाताऱ्या माणसाला स्क्रीनवर नाव तपासायला सांगायचं असतं तेव्हा याचा फार उपयोग. पानानं भाषा मराठी अशी कळवलेली असेल आणि फॉन्टात सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. आमच्या कामाच्या कितीतरी मराठी पानांवर भाषा इंग्रजी लिहिलेली असते, तिथं ब्राउझर तरी काय करणार. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन इथं अजून पूर्ण चालतं, क्रोमनं जुनी एक्स्टेन्शनं बंद केल्यावर तिकडं त्याचा लाइट अवतारच उरलाय.

तर आमच्यासारखं दुकान असेल तर टाका, पण एकट्याच्या भरवशावर राहू नका. मेनूत 'साइट बिघडलीय' कळवायचं बटण आहे ते वापरा, फायरफॉक्सवाले काही साइटींसाठी स्वतःच आतून दुरुस्ती करून ठेवतात, पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट कॉम्पॅट' (about:compat) टाकलं की ती यादी दिसते. आणि आयफोनवाल्यांनी सफारीत फॉर्म अडला म्हणून फायरफॉक्स डाउनलोड करत बसू नका, आपल्याकडं आयफोनवर कुठलाही ब्राउझर टाकला तरी आत वेबकिटच असतं. अशा गिऱ्हाइकाला मी सरळ पुढच्या कॉम्प्युटरवर बसवतो.