स्टॅक ओव्हरफ्लोवर पोस्टग्रेसचे प्रश्न: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

2008 साली सुरू झालेलं, प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ स्टॅक ओव्हरफ्लो बहुतेकांना माहीत असतं ते तयार उत्तर उचलण्यापुरतं. खातं उघडून स्वतः विचारायला आणि उत्तरं द्यायला लागलं की त्याची खरी रीत कळते. हा अभिप्राय त्या वापराबद्दल आहे, तोही मुख्यतः पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्यातून माहिती काढायची भाषा एसक्यूएल यांच्यापुरता.

मत आधीच सांगून टाकतो. प्रश्न नीट मांडायला अर्धा तास द्यायची तयारी असेल, तर इतकं नेमकं उत्तर फुकटात दुसरीकडे क्वचितच मिळेल. ती नसेल तर प्रश्न बंद होतो आणि मनस्ताप तेवढा उरतो.

आपल्याकडच्या ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘नमस्कार सर, अर्जंट आहे, कृपया लवकर मदत करा’ हे सभ्यपणाचं मानलं जातं. इथे कोणीतरी एडिट करून ते वाक्य काढून टाकतं. त्यात अपमान काही नाही. तोच प्रश्न पुढे कित्येक वर्षं अनोळखी लोक वाचणार असतात आणि त्यांना आपल्या घाईशी देणंघेणं नसतं. समोरच्याला कॉपी करून लगेच चालवता येईल असा मजकूर देणं, हाच इथला आदर.

उदाहरण घेऊ. प्रत्येक ग्राहकाच्या ठरावीक तारखेनंतरच्या ऑर्डरी मोजायच्या आहेत. लेफ्ट जॉइन (जोडी नसली तरी डावीकडच्या टेबलातली प्रत्येक ओळ ठेवणारी जोडणी) लावलाय, तरी ज्यांची एकही ऑर्डर नाही ते ग्राहक यादीत येत नाहीत. अशा वेळी अनेक जण पोस्टग्रेस हाताळायच्या पीजीॲडमिन या प्रोग्रामचा स्क्रीनशॉट टाकतात. त्यातला मजकूर उचलता येत नाही, शोधात सापडत नाही, म्हणून तो बिनकामाचा. हवं ते एवढंच: दोन्ही टेबलांची क्रिएट टेबल वाक्यं, तीन ग्राहकांचं इन्सर्ट, चार ऑर्डरींचं इन्सर्ट, तुमची क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा), अपेक्षित निकाल आणि सध्या येणारा निकाल. चारही ऑर्डरी पहिल्या दोन ग्राहकांच्याच ठेवा. तिसऱ्याच्या नावावर काही नको, कारण दुखणं त्याच ओळीत आहे. नमुना म्हणून टेबलातल्या वरच्या काही ओळी उचलून टाकल्या, की नेमकी ही ओळ सुटते आणि ‘माझ्याकडे तर चालतंय’ अशी कमेंट येते.

कारणही त्या छोट्या नमुन्यात लगेच दिसतं. ऑर्डरच्या तारखेची अट वेअरमध्ये, म्हणजे जोडणीनंतर ओळी गाळणाऱ्या भागात आहे. तिसऱ्या ग्राहकापुढे तारीख नल, म्हणजे रिकामी. नलशी केलेली तुलना खरी ठरत नाही, म्हणून ओळ गळते. अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीत नेली की ग्राहक परत येतो. उत्तर देणारे इथे घाई करतात. क्वेरीत काउंट या मोजणाऱ्या फंक्शनच्या कंसात तारांकन तसंच राहिलं, तर बिनऑर्डरच्या ग्राहकापुढे 0 ऐवजी 1 येतो. कंसात ऑर्डरचा आयडी द्यावा लागतो. चांगलं उत्तर म्हणजे दुरुस्त क्वेरी, दोन ओळींत कारण, आणि ती त्याच नमुन्यावर चालवून आलेला निकाल. नुसती क्वेरी चिकटवली तर विचारणाऱ्याचं आजचं काम होतं, पण पुढच्या वाचकाच्या हाती काही लागत नाही. चॅटबॉटकडून लिहून घेतलेली उत्तरं टाकायला डिसेंबर 2022 पासून बंदी आहे, ती पाळाच.

क्वेरी हळू चालते, हा प्रश्न मात्र वेगळा. तिथे दहा ओळींचा नमुना दिशाभूल करतो, कारण लहान टेबलावर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) इंडेक्स ही शोधसूची सोडून सरळ सीक्वेन्शियल स्कॅन घेतो, म्हणजे सगळं टेबल ओळीने वाचतो. पोस्टग्रेसची आवृत्ती, टेबलावरचे सगळे इंडेक्स, साधारण ओळींची संख्या, आणि ॲनालाइझ व बफर्स हे दोन्ही पर्याय लावलेल्या एक्सप्लेनचं (क्वेरी कशी चालते ते दाखवणाऱ्या आज्ञेचं) पूर्ण आउटपुट द्या, मजकुराच्या रूपात. अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांतली तफावत तिथेच दिसते. ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवतो, हे विसरू नका. अपडेट किंवा डिलीट असेल तर आधी बिगिन, शेवटी रोलबॅक, म्हणजे झालेला बदल मागे घेतला जातो.

मराठी डेटा असेल तर आणखी एक खबरदारी. ‘कऱ्हाड’मधला ऱ डेटाबेसमध्ये एकच अक्षर म्हणून असू शकतो, र आणि नुक्ता मिळून असू शकतो, किंवा र, हलन्त आणि न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह असाही. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पण = या चिन्हाने तुलना केली तर जुळत नाहीत. प्रश्नात मूळ मजकूर पेस्ट करा आणि कन्व्हर्ट-टू फंक्शनने काढलेले बाइट्स शेजारी द्या. पोस्टग्रेसच्या आवृत्ती 13 पासून आलेलं नॉर्मलाइझ फंक्शन पहिले दोन प्रकार एक करतं. तिसरा रिप्लेस वापरून स्वतः बदलावा लागतो. देवनागरी न वाचणारा माणूसही बाइट्स पाहून हे ओळखू शकतो.

आता त्रासाची बाजू. ज्याच्याकडे त्या टॅगचा (प्रश्नाला लावलेल्या विषयाच्या खुणेचा) सुवर्ण बॅज, म्हणजे सगळ्यात वरचा सन्मान आहे तो एकटा तुमचा प्रश्न ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद करू शकतो, आणि जोडलेला जुना प्रश्न कधीकधी नुसता वरवर सारखा असतो. नव्या माणसाला हे फार लागतं, आणि तशी तक्रार रास्तही असते. कमेंटमध्ये वाद घालून उपयोग नाही. आधी जुनं उत्तर आपल्या नमुन्यावर चालवून पाहा. जमलं नाही तर काय निकाल आला आणि तो का चालत नाही, हे प्रश्नातच भरा. अशा एडिटनंतर प्रश्न पुन्हा उघडण्याच्या रांगेत जाऊ शकतो. तोच प्रश्न नव्याने टाकणं मात्र अंगाशी येतं.

दोन दिवसांत कोणी फिरकलं नाही तर बाउंटी लावता येते, म्हणजे साइटवर मिळवलेले आपले गुण उत्तरासाठी बक्षीस ठेवता येतात. त्यासाठी किमान 75 गुण हवेत, लावायचे किमान 50, आणि ते परत मिळत नाहीत. म्हणून त्याआधी शीर्षक सुधारून पाहा. ‘एसक्यूएल क्वेरी चालत नाही’ हे कोणी उघडत नाही. ‘लेफ्ट जॉइनमध्ये वेअरमुळे ओळी गळतात’ हे जाणकाराच्या नजरेत भरतं. उत्तर लागू पडलं तर बरोबरची खूण करा. उत्तर देणाऱ्याला 15 गुण मिळतात. उत्तर आल्यावर मूळ प्रश्न बदलून त्यात पुढचा प्रश्न घुसवणं मात्र अक्षम्य आहे, कारण दिलेलं उत्तर त्यामुळे चुकीचं दिसायला लागतं.

क्लायंटचा खरा डेटा कधीच टाकू नका. एडिट केलं तरी जुना मजकूर इतिहासात राहतो, आणि दुसऱ्याचं मतं मिळालेलं उत्तर आलं की प्रश्न स्वतःहून काढता येत नाही. कनेक्शन स्ट्रिंगमधून पासवर्ड गेलाच, तर पहिल्यांदा पासवर्ड बदला, मग मजकूर एडिट करा आणि फ्लॅग लावून मॉडरेटरला इतिहासातूनही तो झाकायला सांगा.