उतारावर स्टॅलियन: पायाचा ब्रेक की लो गिअर?

पन्हाळ्याकडची जांभ्याची लाल माती भिजली की स्टॅलियनसारखी, इंजिनावर केबिन असलेली लष्करी गाडी उतरवणं जोखमीचं. वजन पुढं येतं, रिकामी असेल तर मागची बाजू फारच हलकी.

अशा वेळी पायाचा ब्रेक जोरात दाबला की मागची चाकं लॉक होतात, गाडी आडवी होते आणि मग उलटूही शकते. शिवाय चाकातले ब्रेकचे ड्रम तापून ब्रेकची पकड कमी होते. पेडल पुन्हापुन्हा दाबत राहिलं तर ब्रेक चालवणाऱ्या हवेचा दाबही घसरतो.

लो गिअरच योग्य, कारण त्यात इंजिनच गाडीचा वेग रोखून धरतं. माथ्यावर थांबूनच फोर-व्हील (चारही चाकांना ताकद), लो रेंज (कमी वेग, जास्त ताकद) आणि पहिला गिअर टाका. क्लचवरून पाय काढा. गाडी उताराच्या सरळ रेषेत ठेवा. मधेच गिअर बदलू नका. मागचं सरकलं तर ब्रेक सोडा, किंचित ॲक्सिलरेटर द्या, सरकतंय त्याच बाजूला स्टिअरिंग वळवा.