सिंगालिला राष्ट्रीय उद्यान: संदकफूच्या घाईत सुटणारे जंगल

दार्जिलिंगच्या पश्चिमेला, नेपाळच्या सीमेला खेटून पसरलेल्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेला लागणारे बहुतेक पर्यटक खरे तर उद्यान पाहायला जातच नाहीत. ते संदकफूला जातात. ३,६३६ मीटर उंचीचे हे पश्चिम बंगालमधील सर्वोच्च ठिकाण. जगातील पाच सर्वोच्च शिखरांपैकी एव्हरेस्ट, कांचनगंगा, ल्होत्से आणि मकालू ही चार शिखरे तिथून एकाच जागी उभे राहून दिसतात, त्यामुळे या ओढीला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र निसर्गदृश्यांबरोबर वन्यजीवही पाहायचे असतील, तर पायथ्याच्या मानेभंजन गावाहून गाडीने थेट माथा गाठण्याचा प्रचलित कार्यक्रम मला साफ चुकीचा वाटतो, कारण या उद्यानाचा सर्वांत समृद्ध भाग वाटेतच मागे पडतो.

हा भाग म्हणजे गैरीबासहून कैयाकट्टामार्गे कालीपोखरीकडे जाणारा चढ. ओक, मॅग्नोलिया आणि रोडोडेंड्रॉन यांची शेवाळाने लगडलेली झाडे, त्यांच्याखाली स्थानिक लोक ज्याला मालिंगो म्हणतात त्या बारीक बांबूची दाट जाळी, आणि दिवसातून कितीतरी वेळा दरीतून वर चढणारे धुके. लाल पांडाला नेमके असेच रान लागते. बांबूची पाने हे त्याचे मुख्य अन्न. पण त्यातील फारच थोडा भाग त्याला पचत असल्याने जागेपणाचा बराचसा वेळ तो खाण्यातच घालवतो, आणि उरलेला वेळ एखाद्या उंच फांदीवर अंगाची गुंडाळी करून झोपतो. पाठीचा तांबूस रंग फांद्यांवरच्या तांबूस शेवाळात मिसळून जातो. खालून पाहणाऱ्याला दिसते ते काळे पोट, जे सावलीत ओळखू येत नाही. वर बोट दाखवून वाटाड्याने सांगितल्यावरही बराच वेळ फक्त फांदीच दिसत राहते, आणि मग पट्टेरी शेपूट लोंबताना दिसली की अख्खा प्राणी एकदम उलगडतो. गाडीच्या खिडकीतून हे होणे नाही.

लाल पांडाच्या संवर्धनात या जंगलाला वेगळे स्थान आहे. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या स्वीटी आणि मिनी या दोन माद्या २००३ मध्ये इथे सोडण्यात आल्या. मिनी शिकारी प्राण्याच्या तावडीत सापडली. स्वीटीने मात्र पुढे जंगलातच पिल्लाला जन्म दिला.

ताडोबा किंवा पेंचच्या सफारीची सवय असलेल्यांनी अपेक्षा आधीच बदलून घ्याव्यात. इथे बिबट्या आहे, हिमालयीन काळे अस्वल आहे, भेकर आहे, पण पाणवठ्यावर गाडी थांबवून वाट पाहावी अशी सोय नाही आणि एवढ्या दाट रानात तिचा उपयोगही नाही. पक्षिनिरीक्षकांची स्थिती बरीच बरी; लाल अंगावर पांढरे ठिपके मिरवणारा सॅटिर ट्रॅगोपान पहाटे झाडीच्या कडेला येतो, आणि तो नाही दिसला तरी इतर पक्ष्यांमुळे सकाळ फुकट जात नाही.

वाटाड्या घेणे बंधनकारक आहे. अनेकांना ही सक्ती खर्चात पाडणारी वाटते. मला ती या उद्यानातील सर्वांत मोलाची सेवा वाटते, फक्त वाटाड्या निवडताना ‘रस्ता माहीत आहे का’ याऐवजी ‘लाल पांडाचा माग काढता येतो का’ असे विचारावे. चहाच्या मळेवाल्या इंग्रजांच्या काळापासून या घाटाशी नाते जोडलेल्या जुन्या लँड रोव्हर गाड्यांचे कौतुक जरूर करावे, पण दगडगोट्यांच्या टप्प्यांवर त्या हाडे खिळखिळी करतात. राहण्याची व्यवस्था साधी, जेवण गरम आणि पोटभर. वाट मधूनमधून नेपाळमध्ये शिरते, टुमलिंग आणि कालीपोखरी ही मुक्कामाची गावे पलीकडेच आहेत. त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवावे.

संदकफूच्या दृश्याबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. कुंभकर्ण, कांचनगंगा आणि शेजारची शिखरे मिळून होणारा ‘निद्रिस्त बुद्ध’ समोर आडवा पसरलेला असतो, तो ओळखायला कोणाची मदत लागत नाही. एव्हरेस्टच्या बाबतीत उलट घडते: मकालू अधिक जवळ असल्याने तोच मोठा दिसतो आणि जगातील सर्वोच्च शिखर त्याच्या बाजूला, मागच्या रांगेत बसल्यासारखे वाटते. पहिल्यांदा येणारे हमखास मकालूचेच फोटो काढून एव्हरेस्ट म्हणून पाठवतात.

१६ जून ते १५ सप्टेंबर या काळात उद्यान बंद असते. फुलांसाठी एप्रिल-मे उत्तम, पण त्या दिवसांत दुपारनंतर ढग शिखरे झाकून टाकतात. स्वच्छ आकाशासाठी ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरचा आरंभ निवडावा, आणि थंडीची तयारी भरपूर ठेवावी. वेळ कमी असेल तर संदकफूचा एक मुक्काम कापून तो गैरीबास किंवा कालीपोखरीला द्यावा, असे मी सुचवेन.